लोखंड टिकले, रबर थकले

१९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या कारखान्याच्या आवारात, मर्सिडीज-बेंझची भारतात जोडलेली मोटार प्रथम तयार झाली. कंपनीच्या कागदोपत्री तिचे घराणे डब्ल्यू १२४. डिकीवर नाव ई २२० किंवा ई २५० डिझेल. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांची ओळख त्याआधी चाळीस वर्षांची होती. १९५४ मध्ये दोघांनी मिळून ट्रक बनवायला सुरुवात केली होती. मोटारीसाठी मात्र १९९४ उजाडावे लागले, तेव्हा वेगळी कंपनी निघाली आणि वर्षभरात गाड्या बाहेर पडू लागल्या. जर्मनीत हे मॉडेल तोवर निवृत्तीला आले होते. १९८४ च्या अखेरीस ते जगापुढे आले, त्याची रेषा ब्रुनो साको यांच्या नेतृत्वाखाली आखली गेली, आणि सगळे प्रकार धरून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

त्या गाड्या आज तिशीच्या घरात आहेत. पहिले मालक कारखानदार, डॉक्टर, बिल्डर होते. त्यांच्याकडून त्या दुसऱ्याकडे गेल्या, तिसऱ्याकडे गेल्या, काही सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. आता एखादा तिशी-पस्तिशीतला माणूस त्यातली एक उचलतो, कारण लहानपणी ती त्याने कोणाच्या तरी दारात पाहिलेली असते आणि आता तिची किंमत नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी असते. घेणे सोपे जाते. मग पहिल्या पावसाळ्यात वायपर अडकतो, मे महिन्यात एसीतून कोमट वारा येतो, सिग्नलला इंजिन थरथरते, आणि प्रश्न पडतो की हिला दाखवायचे कोणाला. मोठ्या वर्कशॉपमधल्या तरुण मुलांनी ही गाडी शिकताना पाहिलेली नसते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीचा हात चांगला असतो, पण त्याच्यापाशी हिचा वायरिंगचा नकाशा नसतो. हे पुस्तक त्या मालकासाठी आणि त्या मिस्त्रीसाठी, दोघांसाठी लिहिले आहे. दोघांनी ते एकत्र बसून वाचले तर उत्तमच.

महाराष्ट्रातल्या मिस्त्रीला मर्सिडीजचे इंजिन परके नाही, हे इथे मुद्दाम सांगतो. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांत बसवलेले ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मूळचे मर्सिडीजचेच. ज्या इंजिनावर जर्मनीतल्या टॅक्सी धावल्या, त्याच इंजिनावर सातारा-कोल्हापूरकडची वडापे घाट चढली. ते इंजिन खोलून बांधलेला मिस्त्री आजही गावोगाव सापडतो. नोझल, हीटर प्लग, डिझेल पंप, टायमिंग चेन हे त्याला शिकवायला नको. त्याला नवीन वाटते ते इंजिनाभोवतीचे सगळे: व्हॅक्यूमच्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या नळ्या, रिले, सेन्सर, कंट्रोल युनिट, दोन बाजूंना दोन तापमाने देणारा एसी. आणि ही गाडी दगा देते ती बहुतेक वेळा तिथेच.

माझे सांगणे एवढेच आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याभोवती फिरतात. या गाडीचे लोखंड अजून थकलेले नाही. ब्लॉक, क्रँक, गिअरचे दाते, डिफरन्शियल, दारांच्या बिजागऱ्या यांना नीट तेल-पाणी मिळाले असेल तर त्यांचे आयुष्य बाकी आहे. थकले आहे ते रबर, प्लास्टिक, वायरीवरचे आवरण आणि झाळलेले सांधे. हे सगळे स्वस्त पदार्थ आहेत, आणि त्यांचे वय किलोमीटरवर मोजता येत नाही. गाडी चालो वा उभी राहो, ते वाढतच असते. म्हणून कमी चाललेली, गॅरेजमध्ये जपलेली गाडी घेतल्यावरही तक्रारी येतात आणि मालक चक्रावतो. मोठा बिघाड शोधायला निघालेला माणूस इथे हमखास वाट चुकतो, कारण लक्षण मोठे असले तरी कारण बहुधा लहान असते.

एका ई २२० ची हकिगत सांगतो. सकाळी गाडी झकास चाले. अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर मिसिंग मारू लागे, आयडलिंग वरखाली होई, एखाद्या सिग्नलला बंद पडे. थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखी. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, पंप बदलला, शेवटी इंजिनाचे कंट्रोल युनिटच जुन्या बाजारातून आणून बसवले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे, कारण दोन दिवस गाडी उभी राहून थंड झालेली असे. खरे कारण इंजिनाच्या डोक्यावरून जाणाऱ्या वायरिंग हार्नेसमध्ये होते. कनेक्टरजवळचे रबरी आवरण मागे सरकवल्यावर आतल्या वायरींचा रंगीत लेप बोटाने चुरून पडला. गरम झाल्यावर वायरी सैल होत, एकमेकींना शिवत, आणि कंट्रोल युनिटला चुकीचे निरोप जात.

हा दोष त्या एकट्या गाडीचा नव्हता. साधारण १९९२ ते १९९५ या काळात कंपनीने इंजिनावरच्या वायरींना जे विघटनशील आवरण वापरले, ते इंजिनाच्या उष्णतेत काही वर्षांत ठिसूळ होते. आपल्या ई २२० मधले एम १११ हे इंजिन त्याच काळातले. मोठ्या गाड्यांतल्या सहा सिलिंडरच्या एम १०४ मध्येही तीच कथा. त्यामुळे पुण्यात जोडलेली पेट्रोल गाडी घेणाऱ्याने इतर कुठेही पैसे घालण्याआधी हा हार्नेस पाहावा. कसा पाहावा, कोणते कनेक्टर उघडावेत, नवा पूर्ण हार्नेस घ्यावा की जुन्याच प्लगांना उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर जोडून घरी बांधावा, हे तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे एवढेच बजावतो की वरून टेप गुंडाळणे हा इलाज नव्हे. टेपच्या आत लेप चुरतच राहतो, आणि दोन वायरी भलत्या जागी टेकल्या तर कंट्रोल युनिट जळते. मग शंभरातल्या कामाचे हजारांत होते.

व्हॅक्यूमवर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. त्याचे कारण असे की या घराण्यातल्या गाड्या हवेच्या ओढीवर जेवढे काम करून घेतात तेवढे आजची कुठलीही गाडी घेत नाही. ब्रेकचा बूस्टर तर बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमवर चालतो. इथे एसीच्या झडपा व्हॅक्यूमवर उघडतात-मिटतात, हेडलाइटचा झोत डॅशबोर्डवरच्या बटणाने खाली-वर होतो तो व्हॅक्यूमवर, काही गाड्यांत मागच्या सीटची डोके टेकायची उशी आडवी पडते तीही व्हॅक्यूमवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळतो तो व्हॅक्यूमवर, आणि डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर इंजिन बंद होते तेही व्हॅक्यूमवर. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे वीज तोडून ते थांबत नाही. डिझेल पंपावरची एक छोटी डबी व्हॅक्यूमने ओढली जाते, ती डिझेल तोडते, मग इंजिन थांबते.

आता याचा परिणाम बघा. याआधीच्या डब्ल्यू १२३ या मॉडेलमध्ये दारांची कुलपेही इंजिनाच्याच व्हॅक्यूमवर होती. ती गाडी आखातातून परतलेल्या पुष्कळ लोकांनी आपल्याकडे आणली आणि काही अजून चालतात. तिच्या मागच्या दाराच्या आतली डायफ्रॅम फाटली आणि मधला उलट-व्हॉल्व निकामी असला, तर चावी काढूनही इंजिन धडधडत राहते. मालक म्हणतो इंजिनात भूत आहे, आणि मिस्त्री डिझेल पंप उतरवायला घेतो. पंपात काहीच बिघडलेले नसते. डब्ल्यू १२४ मध्ये कुलपांना वेगळा विजेचा पंप दिला म्हणून ही विशिष्ट गंमत गेली, पण बाकीची साखळी राहिली. कुलपांच्या पंपाची तक्रार वेगळ्या रूपाने येते: कुलूप लावल्यावर मागच्या बाजूने घुरघुर बराच वेळ चालू राहते. कुठल्या तरी दारात, डिकीत किंवा पेट्रोलच्या झाकणाशी हवा गळते आहे, आणि पंप ती भरून काढायची धडपड करतो आहे. गळती न शोधता पंप बदलला तर नवा पंपही लवकरच जळतो.

गळती शोधायला लागते काय? हाताने दाबायचा एक व्हॅक्यूम पंप, त्यावर काटा, आणि धीर. प्रत्येक शाखा वेगळी करायची, पंपाने पंधरा-वीस इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम द्यायचा, काटा स्थिर राहतो का पाहायचे. ज्या शाखेवर काटा खाली येतो ती दोषी. मग तिचेच पुन्हा तुकडे पाडायचे. नळीचे दोष बहुधा नळीत नसतात. नळी कडक प्लास्टिकची असते आणि ती टिकते. दोष असतो तिच्या टोकांच्या रबरी जोडांत. बोटाच्या पेरापेक्षा लहान असे ते जोड चिरून भेगाळतात. पन्नास ठिकाणी पन्नास जोड, आणि त्यातला एक पुरे होतो. हे काम मालकाने स्वतः रविवारी दुपारी करावे असे माझे मत आहे. गॅरेजमध्ये एवढा वेळ कोणी देत नाही, आणि मिळाला तरी त्याचा दर परवडत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल येणाऱ्या तक्रारी याच शाखेत सुटतात, निदान निम्म्या तरी. गिअर धाडकन पडतो किंवा उशिरा पडतो असे कोणी सांगितले की लगेच गिअरबॉक्स ओव्हरहॉल करायची भाषा सुरू होते. आधी गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळवणाऱ्या मॉड्युलेटरपर्यंत येणारी व्हॅक्यूमची नळी तपासा. पेट्रोल गाडीत सायलेन्सरमधून अधूनमधून पांढरट धूर येत असेल आणि गिअरबॉक्सचे तेल हळूहळू कमी होत असेल, तर मॉड्युलेटरची डायफ्रॅम फाटून इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळते आहे. तो सुटा भाग आहे, बाहेरून बदलतो, त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.

डिझेल गाडीच्या मालकाला आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. व्हॅक्यूम तयार करणारा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो आणि त्याचा रोलर टायमिंगच्या यंत्रणेवर फिरतो. या इंजिनांत त्या पंपाचे बेअरिंग फुटून तुकडे आत, चेनच्या वाटेवर पडल्याची उदाहरणे जगभर आहेत. तसे झाले की पाच सिलिंडरचे धडधाकट इंजिन एका क्षणात भंगार होते. ज्या मोजक्या भागांच्या बिघाडाची वाट पाहू नये, त्यांतला हा एक. गाडी हाती आली, तिचा इतिहास माहीत नाही, तर पंप काढून बेअरिंग तपासावे आणि जुना वाटला तर बदलून टाकावा. व्हॅक्यूमच्या बाबतीत मी काटकसर करा म्हणतो, इथे नाही.

थंडीत सकाळी डिझेल गाडी स्टार्ट घ्यायला वेळ लावते, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, ही दुसरी नेहमीची तक्रार. आधी हीटर प्लग एकेक मोजा. पाचांतला एक गेला तरी महाबळेश्वरला कळते, मुंबईत कळत नाही. प्लग ठीक असतील तर बॉनेट उघडून डिझेलच्या पारदर्शक नळ्यांकडे टॉर्च मारा. त्यांत बुडबुडे धावताना दिसले तर रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरले आहे आणि पंप हवा ओढतो आहे. दोष नळीच्या टोकाच्या रबरी रिंगेचा. पुन्हा रबरच.

गाडी हीट होण्याची भीती मालकांना सर्वांत जास्त असते आणि तेच योग्य आहे, कारण हेड गॅस्केट उडाले किंवा हेड वाकले की खर्च दुसऱ्या पातळीवर जातो. या गाडीचा काटा ८० आणि १०० च्या मध्ये असावा. उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून, ट्रॅफिकमध्ये तो शंभराच्या थोडा पुढे सरकला तर घाबरू नका. पुढचा विजेचा पंखा जोरात सुरू होतो तोच मुळी सुमारे १०५ ला. पण तो वर चढून खालीच येत नसेल तर थांबा. रेडिएटर साफ करणाऱ्याकडे धावण्याआधी इंजिनावरच्या पंख्याचा क्लच पाहा. त्या क्लचमध्ये सिलिकॉनचे घट्ट तेल असते, ते उष्णतेने पकड घेते. इंजिन गरम असताना बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. जडपणा जाणवला पाहिजे. गिरकी घेऊन मोकळा फिरला तर क्लच संपला आहे, आणि त्याच्याशिवाय कितीही नवा रेडिएटर घातला तरी चांदणी चौकातल्या गर्दीत काटा चढणारच.

पाण्याबद्दल आपल्याकडे एक वाईट सवय आहे, तिचा मला मनापासून राग आहे. पाणी कमी दिसले की नळाचे नाहीतर बोअरचे पाणी ओततात. बोअरचे पाणी क्षारयुक्त, आणि या इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे. आतल्या बाजूला दगडासारखा थर बसतो आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे, दर काही वर्षांनी बदल, एवढेच कंपनी सांगते. आधीच्या मालकाने थर बसवून ठेवला असेल तर सायट्रिक अॅसिडने धुवायची कंपनीचीच जुनी पद्धत आहे; तिची मात्रा आणि क्रम आत दिला आहे. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या तोंडाकडेही लक्ष असू द्या. जिथे वरचा होज बसतो तिथले प्लास्टिक जुने झाले की कडक होते आणि होज काढताना, नाहीतर भर रस्त्यात, तुटते.

एसीची एक तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की ती जशीच्या तशी लिहितो: "गाडी चालू असली की थंड, सिग्नलला उभी राहिली की गरम." अशा वेळी गॅस भरून देणारे बरेच भेटतात. गॅस कमी नसतो. एसी चालू असताना पुढचा विजेचा पंखा हळू गतीने फिरायला हवा. त्या हळू गतीसाठी एक रेझिस्टर असतो, आणि तो जळला की पंखा फक्त जोरात फिरू शकतो, तेही इंजिन फार तापल्यावर. गाडी धावत असताना समोरून वारा येतो म्हणून भागते. रेझिस्टर छोटा, स्वस्त, समोरच बसवलेला. दुसरी तक्रार, एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम वारा. तिथे हीटरच्या गरम पाण्याचा व्हॉल्व पाहायचा. तो विजेने मिटतो आणि वीज गेली की उघडाच राहतो, कारण तो थंड देशासाठी बनवला आहे आणि तिथे बिघाड झाला तरी हीटर चालू राहणे सोयीचे. आपल्या मे महिन्यात त्याचा अर्थ उलटा होतो. तिसरी तक्रार मात्र खरोखर मोठी आहे: कूलिंग कॉइल गळते. तिच्यापर्यंत पोचायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तिशीतल्या डॅशबोर्डचे प्लास्टिक उतरवताना तडकते. हे काम घाईच्या माणसाकडे देऊ नका.

विजेच्या बाजूला सुरुवात फ्यूजपासून करा. या गाडीत आजच्यासारखे चपटे फ्यूज नाहीत. टॉर्पेडोच्या आकाराचे, दोन्ही टोकांना टोकदार, पांढरे ८ अँपिअरचे आणि लाल १६ अँपिअरचे. फ्यूज उडालेला नसतो आणि तरीही काम करत नाही, कारण त्याच्या टोकांवर ऑक्साइडचा थर बसतो, विशेषतः समुद्राकाठच्या गाड्यांत. रत्नागिरीची, पणजीची, मुंबईची गाडी असेल तर सगळे फ्यूज एकदाच काढून तांब्याचे नवे घाला आणि घरे साफ करा. निम्म्या विजेच्या तक्रारी तिथेच संपतात असे मी खात्रीने म्हणतो. त्यानंतर रिले. १९९३ च्या आधीच्या आयात गाड्यांत, २३० ई किंवा ३०० ई मध्ये, बॅटरीच्या मागे एक रिले असतो, त्याच्या डोक्यावर स्वतःचा फ्यूज. तो जास्त व्होल्टेजपासून बाकीच्या यंत्रणेला वाचवतो. त्याच्या आतल्या झाळणीला केसासारख्या भेगा पडल्या की एबीएसचा दिवा लागतो आणि त्याच वेळी इंजिनाचे आयडलिंग बिघडते. दोन वेगवेगळे बिघाड एकदम आले असे वाटते आणि दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडे गाडी जाते. कारण एकच, आणि ते झाळणाऱ्या लोखंडाने दहा मिनिटांत मिटते. पेट्रोल पंपाच्या रिलेचेही तसेच.

ही गाडी १६ पिनच्या आजच्या स्कॅनरशी बोलत नाही हे आधीच समजून घ्या. १९९६ पासून अमेरिकेत जी पद्धत सक्तीची झाली आणि पुढे सगळीकडे आली, तिच्या आधीची ही पिढी आहे. हिचे दोष एका लुकलुकणाऱ्या दिव्याने मोजायचे असतात: किती वेळा लागला, तो आकडा. आठशे रुपयांचा मल्टिमीटर आणि एक एलईडी यावर बरेच निभावते. मला ही गोष्ट आवडते. मोबाइलवर कोड बघून भाग बदलायची सवय लागलेल्या पोराला इथे पहिल्यांदा व्होल्टेज कुठून निघते आणि कुठे पोचते ते तपासावे लागते.

सस्पेन्शनवर मी थोडक्यात लिहिले आहे. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दुवे आहेत, पुढे लोअर आर्म आणि बॉल जॉइंट; सगळीकडे रबरी बुश. बदलणे सरळ आहे, फक्त एक नियम पाळा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असली पाहिजे. जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळले जातात आणि वर्षात फाटतात. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी चकती, मधले बेअरिंग, हीही तशीच. स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू सैलपणा घालवण्यासाठी आवळायचा मोह होतो. तो आधी टाळा आणि सांधे, डँपर, कपलिंग तपासा. जास्त आवळलेला बॉक्स आतून खराब होतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, विषय संपला.

गंजाबद्दल थांबून सांगायला हवे. १९८९ नंतरच्या गाड्यांच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचे रुंद पट्टे आहेत. साको यांचेच नाव त्यांना चिकटले आहे. दिसायला देखणे, पण त्यांच्या मागे चिखल साठतो आणि आतले लोखंड दिसत नाही. गाडी घेताना विकणाऱ्याला न घाबरता विचारा, जॅक लावायच्या जागांची झाकणे काढा, आत बोट घाला. विंडशील्डच्या खालच्या पन्हाळीत पानांचा चिखल झाला की पाणी आत उतरते. जून लागण्याआधी ती साफ करणे हे इंजिन ऑइल बदलण्याइतकेच महत्त्वाचे काम. त्याच वेळी एकाच हाताच्या त्या प्रसिद्ध वायपरला ग्रीस द्या. तो नुसता फिरत नाही, फिरताना पुढे-मागे सरकतो, म्हणून एकटा काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. आतले ग्रीस वाळले की मोटर झिजते. आंबोली घाटात जुलैमध्ये वायपर बंद पडला तर इतर सगळ्या दुरुस्त्या व्यर्थ.

भागांविषयी. प्रत्येक भागावर ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि पहिले तीन आकडे तो कोणत्या घराण्याचा ते सांगतात: १२४ म्हणजे या गाडीचा सांगाडा, १११ म्हणजे त्या पेट्रोल इंजिनाचा. दुकानदाराला गाडीचे नाव सांगू नका, क्रमांक सांगा. नाना पेठेत असो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटला, क्रमांक सांगितला की बोलणे बदलते. मूळ कंपनीच्या डब्यात जे येते ते पुष्कळदा बॉश, लेमफोर्डर, बेहर, साक्स, बेरू यांनीच बनवलेले असते आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त मिळते. कंपनीने १९९३ पासून जुन्या गाड्यांसाठी जर्मनीत फेलबाखला वेगळे केंद्र चालवले आहे, त्यामुळे बरेच भाग अजून बनतात. पण रबराच्या बाबतीत जुन्या बाजारातला भाग घेऊ नका, कितीही मूळ असला तरी. तीस वर्षे डब्यात पडलेला बुश तीस वर्षांचाच असतो.

इथे जुगाडाबद्दल माझे मत स्पष्ट करतो, कारण वाचक विचारतील. तात्पुरता जुगाड, घरी पोचण्यासाठी, यात काही गैर नाही आणि आपल्या मिस्त्रींसारखा तो जगात कोणाला जमत नाही. पण या गाडीवर गेली वीस वर्षे जुगाडावर जुगाड चढले आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकलेला, पंख्याला थेट बटण जोडलेले, व्हॅक्यूमची नळी स्क्रू घालून बुजवलेली, हार्नेसमध्ये घरगुती वायर. प्रत्येकाने एक लक्षण झाकले आणि पुढच्या माणसाची वाट अवघड केली. म्हणून पहिले प्रकरण दुरुस्तीचे नाही. गाडीवर कोणी काय केले आहे ते शोधून वहीत उतरवण्याचे आणि ती मूळ स्थितीत आणण्याचे आहे. ते कंटाळवाणे वाटेल. तरी त्यापासूनच सुरू करावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. या गाडीच्या रबरी पेट्रोल-नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घ्या, टाकी फार दिवस अर्धी ठेवू नका. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी आणि पीयूसी यांची कागदपत्रे परिशिष्टात आहेत.

काही कामे मी मुद्दाम पुस्तकाबाहेर ठेवली आहेत. डिझेल पंप खोलून कॅलिब्रेट करणे चाचणीच्या यंत्राशिवाय होत नाही. ते काम पंपवाल्याचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून उघडणे हे त्यातल्याच माणसाचे. एअरबॅगच्या कनेक्टरला हात लावू नका. स्टिअरिंग उतरवायचे असेल तर बॅटरी काढा, थोडा वेळ जाऊ द्या आणि जाणकार बरोबर असल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. दीड टनाच्या या गाडीखाली लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना लावले आहेत, ते सपाट जमिनीवर आहेत आणि गाडी हलवून पाहिली तरी हलत नाही, एवढे झाल्यावरच पान उलटा.